कोपरा कापलेली निळी चिठ्ठी

४ जानेवारी

चि. खारूताईस आशीर्वाद.

या हातांनी केलेल्या वस्तू, तू विचारलंस म्हणून, क्रमाने लिहितो. शिसवी लाकडाचे वीस बाजूंचे फासे चौदा. पैकी अकरा पाण्यात तरंगवून तोल तपासलेले, तीन नापास. नापास झालेलेही जपून ठेवले आहेत, चूक कुठे झाली ते विसरू नये म्हणून. खरादावर लाकूड फिरवून कातलेल्या सोंगट्या शेहेचाळीस, एकीसारखी दुसरी नाही. सहा घड्यांचा एक पट, पितळी बिजागऱ्यांचा, उघडताना कुरकुरत नाही. जाड पुस्तकं तिरकी ठेवून वाचायची घोडी एक. जुन्या पुस्तकांच्या बांधण्या एकतीस. लाकडी कुलूप एक, आतल्या तिन्ही खिट्ट्यांसह चालणारं. नसलेल्या शहराचा कापडावरचा नकाशा एक, ज्यातली गटारंसुद्धा उताराला धरून आहेत. आणि चिठ्ठ्यांची तीन खोकी, सरकत्या झाकणांची.

खोक्यांबद्दल तुझ्या साहेबांना सांग, कारण तुमच्या खेळासोबत छापायच्या माझ्या परिचयात खरं तेच यायला हवं. माझी शाळा आठवीत सुटली. सोडली नाही, सुटली. त्यानंतर जे वाचलं ते कारखान्यात जेवणाच्या सुटीत, लाकडाच्या थप्पीवर बसून. इतिहासातलं, म्हणजे घडलेलं आणि कुठेतरी नोंदलेलं, ते पांढऱ्या चिठ्ठीवर. पुराणातलं किंवा कुणाच्या तोंडून ऐकलेलं ते पिवळ्या. आणि भूमिकेच्या खेळांसाठी, जिथे एकजण गोष्ट चालवतो आणि बाकीचे सोंगं घेऊन तिच्यात शिरतात, त्यासाठी मी जे रचलं ते निळ्या. निळ्यातलं काही पांढऱ्यावरून किंवा पिवळ्यावरून घेतलं असेल, तर मूळ चिठ्ठीचा क्रमांक उजव्या खालच्या कोपऱ्यात. हा नियम आजवर मोडलेला नाही.

तुमच्या खेळाच्या खोक्याच्या झाकणाचा नमुना मिळाला. त्यावर माझं नाव छापलंय ते नीट मध्यावर नाही, उजवीकडे दोन सूत, म्हणजे पाव इंच, सरकलंय.

तुझा मामा


१२ जानेवारी

मामा,

तुझी यादी ऑफिसात वाचून दाखवली. दोघांनी गटारांचा नकाशा बघायला मागितला आणि चित्रकार म्हणाला, "तुझे मामा म्हणजे मोजपट्टीला चष्मा लावलाय." ते दोन सूत मी सरकवून घेतले.

पण मामा, यादीत गोष्ट कुठे आहे? फासे आले, बिजागऱ्या आल्या, आणि ज्यावर इथे बावीस माणसं आठ महिने राबतायत ती 'नऊ दारं' नाही? लग्नाच्या यादीत नवरदेव विसरावा तसं झालं हे.

मी अकरा वर्षांची होते, पाय प्लास्टरमध्ये होता. तू ती निळी चिठ्ठी आणलीस, गादीवर पट मांडलास आणि आम्ही डोंगराच्या पोटात शिरलो. दर दाराला एक राक्षस. फासा टाकायचा, त्याला मारायचं, किल्ली घ्यायची. मी विचारलं होतं, "हे कुणी केलं?" तू म्हणालास, "मी." त्या दिवशी मला कळलं की गोष्टी माणसं करतात, घरातली माणसं. मी खेळ बनवायच्या या धंद्यात आहे ती त्या एका शब्दामुळे. ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे, आता तर ऑफिसच्या फायलीत मानाने बसलीय.

संचालकांनी पहिल्यांदाच एक अख्खा खेळ माझ्या हाती दिलाय. सोबत करार आहे. त्यातलं चौथं कलम: 'ही कथा मी स्वतः रचली आहे.' त्याखाली सही कर आणि २८ फेब्रुवारीच्या आत पाठव. त्यानंतर छपाई सुरू होते.

आई म्हणते, मामाला फोन कर, पत्र कसली लिहितेस. मी म्हटलं, तो फोनवर "हं" एवढंच बोलतो.

तुझी खारूताई


२० जानेवारी

चि. खारूताईस आशीर्वाद.

फोनवर बोललेल्याला तारीख नसते, म्हणून मी "हं" म्हणतो. तुझ्या आईला सांग.

दारांची चित्रं पाहिली. तिसऱ्या दाराला अडसर बाहेरून दाखवलाय. राखणदार आत बसलेला असेल तर त्याला बाहेरून कोण कोंडणार? सातव्या दाराची बिजागरी डावीकडे आणि कडीही डावीकडे. असं दार फक्त चित्रातच उघडतं. बोगद्यात हातात धरायचा दिवा काचेचा नसतो, जाळीचा असतो. त्याची नोंद पांढऱ्या चिठ्ठीवर आहे, हवी तर उतरवून पाठवतो.

आणि त्या नऊ जणांना शिंगं कशाला? चिठ्ठीत शिंगं नाहीत. माझी नजर दुसऱ्या कशावर जाण्याआधी त्या शिंगांवर जाते.

सध्या वाचनात खाणकामाचा एक जुना इतिहास आहे. त्याच्याशेजारी पाताळाच्या कथा उघड्या ठेवल्या आहेत, आणि तू दिलेलं ते परदेशी नियमपुस्तकही, ज्यात जमिनीखाली जाण्याचे साठ नियम आहेत आणि वर येण्याचा एकही नाही. तीन पुस्तकं एका वेळी, तीन खोकी वेगवेगळी, ही माझी शिस्त. सरमिसळ मला खपत नाही. हल्ली मात्र वाटतं, की काही गोष्टी आपण वेगळ्या ठेवतो त्या शिस्तीपायी नाही, सोयीपायी.

कराराचं नंतर बघू. आधी एका जुन्या ओळखीच्या घरी जाऊन यायचं आहे. पत्ता सापडत नाहीये.

तुझा मामा


२९ जानेवारी

मामा,

तू अडसर, बिजागरी, दिवा, शिंगं सगळ्यावर लिहिलंस. विचारलं होतं ते सोडून.

मी संचालकांना म्हटलं, मामा जरा वेळ घेताहेत. ते हसले. "वेळ घेताहेत म्हणजे भाव वाढवताहेत. कारागीर माणूस आहे, मोजूनच देणार." मी तुझी बाजू घेऊन भांडले. मग जागेवर येऊन बसले आणि वाटलं, खरंच तसं असेल तर मला सरळ सांग ना. त्यांनी रक्कम वाढवून दिलीय, नवा कागद सोबत आहे.

अजून एक. काल वकिलाला दाखवायला फायलीतून निळी चिठ्ठी काढली. एवढी वर्षं मला वाटायचं की तिचा खालचा कोपरा उंदराने खाल्लाय. काल पहिल्यांदा उजेडात धरली. उंदीर इतकं सरळ खात नाही, मामा. तो पट्टी ठेवून धारदार पात्याने कापलाय. उजवा. खालचा.

तुझा नियम तूच मला चार जानेवारीला लिहून पाठवलायस.

वकिलाने विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "उंदीर."

एका ओळीत उत्तर दे. गोष्ट तुझी आहे ना?

खारूताई


६ फेब्रुवारी

चि. खारूताईस आशीर्वाद.

एका ओळीत: नाही.

आता बाकीचं. आमच्या कारखान्यात दर शनिवारी एक बाई लाकडाचा भुसा न्यायला यायची. काचसामान बांधणाऱ्या दुकानांना ती तो विकायची. नऊ पोती. मी पोत्याचं तोंड धरून उभा राहायचो, ती पाटीने भरायची आणि भरता भरता गोष्ट सांगायची. एका पोत्याला एक दार. मी एकदा गमतीने दहावं पोतं पुढे केलं, तर म्हणाली, "दारं संपली. आता हात धुवा."

पिवळी चिठ्ठी क्रमांक दोनशे बारा. तिच्यात राक्षस नाही. एक बाई नवऱ्याचा डबा घेऊन डोंगराच्या पोटात जाते. दर दाराशी एक माणूस बसलेला असतो. तो काहीतरी विचारतो. पहिला विचारतो, बाहेर पाऊस आहे का. तिसरा विचारतो, पोरगी चालायला लागली का. पाचवा विचारतो, किती वाजले. खरं उत्तर दिलं की तो स्वतः उठून दार उघडतो. नववा काहीच विचारत नाही. त्याला आपणच सांगायचं, "सुटी झाली, घरी चल." एवढीच गोष्ट.

तुझ्या प्लास्टरच्या वेळी मला ती तुला सांगायची होती. पण प्रश्न विचारून काय खेळ होणार, असं वाटलं. अकरा वर्षांच्या पोरीला फासे हवेत, मारामारी हवी. मी निळ्या चिठ्ठीवर उतरवताना त्यांचे राक्षस केले. शिंगं तुमच्या चित्रकाराची असतील, पण तलवार मी घातली. मग नियमाप्रमाणे कोपऱ्यात '२१२' लिहिलं. आणि तू विचारलंस, "हे कुणी केलं?" कुणी मला असं त्याआधी विचारलं नव्हतं. टेबलाचे पाय काढणाऱ्याला कोण विचारतं? मी म्हणालो, "मी." घरी जाताना तू चिठ्ठी मागितलीस. देण्याआधी कोपरा कापला.

इथवर माझी लबाडी. यापुढचं मला जानेवारीत कळलं, तुझं पत्र आल्यावर दोनशे बारा बाहेर काढली तेव्हा.

पांढरी चिठ्ठी आठशे सत्त्याहत्तर. वाचनालयातल्या जुन्या वर्तमानपत्रावरून मीच उतरवलेली, पिवळीनंतर नऊ वर्षांनी. पाण्याचा बोगदा खणताना डोंगर बसला, नऊ मजूर आत राहिले. पाचव्याची ओळख पटली ती मनगटावरच्या नव्या घड्याळावरून. तिसऱ्याच्या मागे बायको आणि रांगती मुलगी. नववा त्याच दिवशी कामाला लागला होता, त्याचं नाव समजायला तीन दिवस गेले.

दोन्ही चिठ्ठ्या माझ्याच अक्षरात, दोन खोक्यांत, हातभर अंतरावर. वर्षानुवर्षं. पांढरी चिठ्ठी पिवळ्याच्या जवळ न्यायची नाही, हा माझा कटाक्ष, आणि त्याचाच मला गर्व.

चौथ्या कलमाखाली मी सही करू शकत नाही. माझ्या नावाचं ते झाकण मी खरादाच्या वर भिंतीला लावलं होतं. आज काढलं.

तुझा मामा


१३ फेब्रुवारी

मामा,

तुम्ही खोटं बोललात याचं मला इतकं काही नाही. मोठी माणसं लहान मुलांशी खोटं बोलतात. पण मी मुलाखतीत ती गोष्ट सांगितली. कॉलेजात, भाषणात, प्रेमात पडले तेव्हा त्यालाही. "माझ्या मामाने घरी बसून रचली." एकोणीस वर्षं मी तुमची जाहिरात करत फिरले. आणि तुम्ही दर वेळी मान खाली घालून सोंगट्या पुसत बसलात. मला वाटायचं, विनय.

काल मी संचालकांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता कपाळाला हात लावतील. ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "लोककथा? मग तर उत्तमच. लोककथेला बाप नसतो." म्हणजे कुणाची परवानगी नको, कुणाचा वाटा नको. वकिलानेही मान डोलावली. बोगद्याचं सांगितलं तर म्हणाले, "ते तुझ्या मामांचं अनुमान आहे. चिठ्ठ्या जुळवणाऱ्याला सगळंच जुळतं."

त्यांना फक्त एवढं हवंय, की तुम्ही लिहून द्यावं: 'कथा परंपरागत, सांगणारी अज्ञात.' मग वकिलाची काळजी मिटली. छपाईची तारीख तीच.

राक्षस तसेच राहतील. साचे तयार आहेत.

तुम्ही लिहून दिलं नाहीत तर खेळ बंद, आणि बंद पडलेल्या खेळाची प्रमुख म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. काय करायचं ते करा. मला सल्ला विचारू नका.


१९ फेब्रुवारी

चि. खारूताईस आशीर्वाद.

तुझं 'तुम्ही' पोचलं. बरोबर जागी लागलं.

पत्ता सापडला. भुसा नेणारी बाई सहा वर्षांपूर्वी गेली. तिची मुलगी शिलाईच्या कारखान्यात काजं-बटणं करते. अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण बोलायला लागली की मीच धाकटा वाटत होतो. दारातच विचारलं, "विमा विकायला आलात का?" मी म्हटलं, "नाही, गोष्ट परत करायला आलोय." ती म्हणाली, "मग बूट काढून या."

मी दोनशे बारा वाचून दाखवली. तिने हातातलं काम खाली ठेवलं नाही. पाचव्या दाराशी आल्यावर सुई थांबली.

"किती वाजले, हे आमचे बाबा विचारायचे," ती म्हणाली. "घड्याळ नवं होतं ना. स्वतः बघायचे आणि तरी सगळ्यांना विचारायचे, त्यांनी उलट विचारावं म्हणून."

आईने ही गोष्ट रचली ती मुलीला बाबांकडे 'नेण्यासाठी'. बाकीचे आठ जण का घातले, तर आई म्हणायची, "एकट्या बाबांना भेटून कसं येणार? वाटेत त्यांचे सोबती बसलेत. उत्तर दिल्याशिवाय कुणाच्या पुढून जायचं नाही." प्रश्न तिने घरोघरी जाऊन गोळा केले होते. तिसऱ्याच्या बायकोला विचारलं, तो रोज काय विचारायचा. पहिल्याच्या आईला विचारलं. नवव्याचं कुणालाच माहीत नव्हतं, एकच दिवस होता तो. म्हणून तो गप्प.

मग मी तलवारीचं सांगितलं. निळी चिठ्ठी, फासा, किल्ल्या, सगळं. तिने बटण लावून दोरा तोडला आणि म्हणाली, "म्हणजे पोरं माझ्या बाबांना मारणार आणि त्याचे गुण मिळणार."

मी हो म्हटलं.

"किती गुण?"

नियमपुस्तकात आहे म्हणून सांगितलं. पाचव्या दाराचे चाळीस.

तिने मला हाकललं नाही. ती एवढंच म्हणाली: गोष्ट बाहेर जायला तिची ना नाही, आईलाही ऐकवायला आवडायचं. पण कुणाला मारायचं नाही. आणि नऊ जणांची आणि आईचं, अशी दहा नावं खोक्यावर हवीत. ती तिने माझ्याच पेन्सिलने लिहून दिली. पांढऱ्या चिठ्ठीतल्या नवव्याच्या नावात एक अक्षर चुकलं होतं, तेही दुरुस्त करून दिलं. एवढी वर्षं मी चुकीचं नाव सांभाळत होतो.

तुझ्या साहेबांना सांग, या गोष्टीला बाप आहे. पाचव्या दाराशी बसलाय.

तुला सल्ला विचारत नाही. तुझी जागा जाईल हे मला कळतं. माझ्या एका शब्दावर तू घर बांधलंस, आणि तो शब्द मीच आता काढून घेतोय. पाकिटात एक कागदाचा तुकडा आहे, हरवू नकोस. वापरायचा की नाही ते तू ठरव.

मामा


२५ फेब्रुवारी

मामा,

तुकडा मिळाला. निळा, त्रिकोणी, '२१२'. तू तो जपून ठेवला असशील असं मला वाटायला हवं होतं. नापास फासे ठेवणारा माणूस.

दोन दिवस तो टेबलावर होता. मग चिठ्ठीला लावून पाहिला. केसभरही फट राहिली नाही. चिकटवला.

काल मी माझ्या गटाला जेवणाच्या सुटीत बसवलं. म्हटलं, आज फासे नाहीत, तलवारी नाहीत. फक्त उत्तरं द्यायची, आणि खरी द्यायची. पहिल्या दाराशी सगळे टवाळी करत होते. "बाहेर पाऊस आहे का?" "खिडकी उघडून बघ की बाबा." तिसऱ्या दाराशी चित्रकार टवाळी सोडून म्हणाला, "अजून नाही." त्याची मुलगी अकरा महिन्यांची आहे. पाचव्याला एकीने मोबाइल न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "एक वाजून वीस मिनिटं." नवव्याशी कुणी काही बोलेना. शेवटी आमच्या हिशेबनीस काकू, ज्या फक्त डबा खायला तिथे बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "चल रे, सुटी झाली."

संचालक दारात उभे राहून पाहत होते. मी दहा नावांचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि परत दिला. म्हणाले, "चांगलं आहे. पण हे विकत कोण घेणार? राक्षसच जातील. तुला जमत नसेल तर दुसरं कुणी करेल." मी म्हटलं, "मला जमत नाही." सोमवारपासून मी पुन्हा नियमपुस्तकं तपासायला. माझी जुनी खुर्ची, तिचा एक पाय आखूड आहे, तुला माहीत आहे.

पण तुझ्या कागदाशिवाय दुसऱ्या कुणालाही तो खेळ करता येत नाही. ते आता थेट तुला लिहिणार आहेत. रक्कम मोठी असेल. तुझ्या खरादाचा पट्टा दोन वर्षं तुटायला आलाय, आणि तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन तू पुढे ढकलतोयस, हे आईने मला सांगितलंय. मी काही म्हणणार नाही. तू लिहून दिलंस तरी मी तुझी भाचीच.

खारूताई


१ मार्च

चि. खारूताईस आशीर्वाद.

'तू' परत आलं, ते पाहिलं. खुर्चीचा पाय किती सूत आखूड आहे ते मोजून कळव.

साहेबांचं पत्र शुक्रवारी आलं, माणूस घेऊन आला. तो कारखान्यात माझ्यासमोर उभा होता, म्हणाला, "एकच ओळ आहे, काका. मी थांबतो." मी खराद बंद केला, हात पुसले, चष्मा लावला आणि त्याच्यादेखत दोनदा वाचलं. खोटं सांगत नाही, डोळ्याचं ऑपरेशन आठवलं. झाकणावर मध्यावर आलेलं नावही आठवलं. मग त्याला विचारलं, "किती वाजले?" तो म्हणाला, "साडेअकरा." मी म्हटलं, "खरं उत्तर दिलंत. आता या." बिचाऱ्याला काही कळलं नाही. कागद कोराच घेऊन गेला.

शिलाई करणाऱ्या बाईंना पत्र टाकलंय, की छपाई थांबली. दोनशे बाराची नक्कलही पाठवली, वर त्यांच्या आईचं नाव घालून. मूळ चिठ्ठी पिवळ्या खोक्यातून काढली, पांढरीही काढली, आणि दोन्ही एका दोऱ्यात ओवून वेगळ्या डबीत ठेवल्या. डबीला झाकण अजून करायचं आहे. तुझ्या निळीसाठी तिच्यात जागा ठेवलीय.

चार जानेवारीच्या यादीत दोन दुरुस्त्या कर. 'नियम आजवर मोडलेला नाही' हे वाक्य खोड. आणि शेवटी हे जोड, कारण परिचयात खरं तेच यायला हवं:

नाकारलेला देकार एक. 'सांगणारी अज्ञात' एवढे दोन शब्द लिहून खाली सही करणे. रक्कम, सहा लाख चाळीस हजार.

तुझा मामा